पुण्याची स्वारी

पुण्यावर स्वारी करायची तर बरोबर माणसं कोणती घ्यावीत, हे आमच्या मुलखाला कुणी शिकवायला नको. 1663 च्या चैत्रात महाराज मोजके मावळे घेऊन रात्री लाल महालात शिरले, शाहिस्तेखानाची बोटं छाटली आणि उजाडायच्या आत सिंहगडाच्या वाटेला लागलेसुद्धा. त्याच मुलखातून गेल्या जानेवारीत मीही पुण्यावर स्वारी केली. माणसं चार: मी, बायको, आई आणि चार वर्षं दहा महिन्यांची कन्या. नऊ ठिकाणं सर करायची होती, त्यातली साडेचार झाली. का फसलो याचा मी पुष्कळ विचार केला आणि एकाच निष्कर्षाला आलो. महाराजांच्या मावळ्यांना शू लागली की ते न सांगता जाऊन येत.

मी भोरच्या एका शाळेत इतिहास शिकवतो. इतिहासाच्या मास्तरला दोन खोडी असतात. एक म्हणजे तो जाईल तिथं सनावळी सांगतो. दुसरी म्हणजे त्याला मनातून वाटत असतं की आखणी आपल्याकडे असती तर पानिपत जिंकलं असतं.

आता भोरच्या माणसाला पुणं नवं आहे का? मुळीच नाही. पन्नास किलोमीटरवर तर आहे. दवाखाना, कोर्ट, लग्नाचा बस्ता, ट्रॅक्टरचा पार्ट, पोराची अ‍ॅडमिशन, सगळ्याला पुणंच. पण पुण्याला जाणं वेगळं आणि पुणं बघणं वेगळं. आम्ही पुण्याला जातो ते मान खाली घालून. फाइल काखेत, पैसे आतल्या खिशात, काम झालं की पहिली गाडी. माझ्या कन्येला तर पुणं म्हणजे डॉक्टर, एवढंच ठाऊक. ‘पुण्याला जायचं’ म्हटलं की ती स्वतःचा दंड धरून बसते. ही समजूत मोडावी, पोरीला एकदा सुई न टोचता पुणं दाखवून आणावं, या उदात्त हेतूनं मी डिसेंबर महिन्याचं कालनिर्णय भिंतीवरून काढलं आणि त्याच्या पाठीमागे आखणी सुरू केली.

सहाला भोर स्टँड. आठला स्वारगेट. मेट्रो. लाल महाल. शनिवारवाडा. दगडूशेठ. केळकर संग्रहालय. पर्वती. सारसबाग. पेशवे पार्कातली फुलराणी. आणि येता येता कात्रजचं प्राणिसंग्रहालय. प्रत्येकापुढे वेळ लिहिली. शूसाठी म्हणून दिवसभराची मिळून दहा मिनिटं राखून ठेवली. तो कागद आजही माझ्याकडे आहे. दहावीच्या पोरांना ‘तहातल्या अटी आणि प्रत्यक्ष परिस्थिती’ हा भाग शिकवताना मला तो आठवतो.

पहिला तह घरातच झाला. मी आधी बुधवार धरला होता, शाळेला स्थानिक सुट्टी होती म्हणून. पण कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं. मग वाघासाठी अख्खी मोहीम रविवारवर ढकलली. रविवार ठरला, सगळ्यांना कळवून झालं आणि मग आईनं वाघच रद्द केला.

आईचं माहेर वेल्ह्याचं, तोरण्याच्या पायथ्याचं. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे. आईला ते मान्य आहे, फक्त तोंडात येत नाही. तिला मी सांगितलं की तिथं वाघ आहे, सिंह आहे, बिबट्या आहे.

‘‘बिबट्या?’’ आई म्हणाली. ‘‘माझ्या म्हायेरी त्यानं दोन शेरडं नेली. दिवस मावळला की कडी घालून बसायचो आम्ही. जल्म गेला त्याला हाकलण्यात, आन आता तिकीट काढून बघाया जायचं? त्याला बघायचं आसंल तर त्यानं यावं.’’

हा मुद्दा खोडून काढणं मला जमलं नाही. आमच्याकडे उसाच्या फडात बिबट्या दिसला की वनखात्याला फोन जातो, आणि पिंजऱ्यात दिसला की पोराला खांद्यावर घेऊन दाखवतात. एकाच प्राण्याची ही दोन रूपं लोणच्याच्या आणि मोरावळ्याच्या बरण्यांसारखी घरात शेजारीशेजारी ठेवून आम्ही जगतो.

रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही तयार होतो, म्हणजे आई तयार होती. तिनं रात्रीच दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून ठेवली होती. कन्या एका गोष्टीवर अडली होती ती म्हणजे कानटोपी. टोचते, म्हणाली. काढली, घातली, परत काढली, पलंगाखाली टाकली, कुत्र्याला घातली. सहाची गाडी गेली. पावणेसातची मिळाली.

आता एसटीतलं तिकीट. हे सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण दिवसाचा सूर इथंच लागला. 2022 पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे. 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. पाच वर्षांखालच्या पोराला तिकीट नाही. म्हणजे आमच्या चौघांत पूर्ण तिकीट काढणारा, ज्याच्यावर महामंडळ उभं आहे असा, मी एकटाच. कंडक्टर ताई आल्या. आईनं पिशवीतली पिशवी काढली, त्यातली प्लास्टिकची पिशवी काढली, त्यातून आधार कार्ड काढलं. जन्मतारीख 1 जानेवारी 1949. त्या पिढीतली निम्मी माणसं 1 जानेवारीला जन्मली आहेत, जशी आमच्या पिढीतली 1 जूनला. पहिल्यांना आधारवाल्यानं जन्माला घातलं, दुसऱ्यांना शाळेतल्या गुरुजींनी. ताईंनी यंत्रावर दोन बटणं दाबली आणि शून्य रुपयांचं तिकीट फाडून आईच्या हातात दिलं.

कन्या बघत होती.

‘‘माझं?’’

‘‘तुला तिकीट नसतं बाळा,’’ ताई म्हणाल्या. ‘‘तू लहान आहेस ना.’’

‘‘आजीला किती पैसे?’’

‘‘आजीला फुकट.’’

‘‘मला?’’

‘‘तुलापण फुकट.’’

‘‘मग आजीला फुकटचं तिकीट दिलं आणि मला फुकटचं का नाही दिलं?’’

महामंडळाच्या कुठल्याही परिपत्रकात या प्रश्नाचं उत्तर नसावं. ताईंनी माझ्याकडे बघितलं, मी खिडकीबाहेर बघितलं. मागच्या सीटवरचा एक गृहस्थ म्हणाला, ‘‘पोरीचा पॉइंट बरोबर हाये.’’ शेवटी ताईंनी यंत्राच्या तोंडाला लोंबणारा कागदाचा कोरा तुकडा फाडून तिला दिला. तिनं तो उलटसुलट बघितला. लिहिलेलं काही नाही, हे वाचता येत नसूनही तिनं ओळखलं. पण मुठीत धरला. ती मूठ त्या दिवशी रात्री कापूरहोळला उघडली. तेव्हा काय झालं ते पुढे येईल.

कापूरहोळ म्हणजे भोरचा रस्ता जिथं महामार्गाला मिळतो ते गाव. शंभूराजांना दूध पाजणारी धाराऊ इथली. बायकोनं ती गोष्ट सुरू केली, कारण कन्या सकाळी दूध न पिता निघाली होती आणि दुधाची बाटली पिशवीत होती. ‘‘बघ, या गावच्या धाराऊनं शंभूबाळाला दूध दिलं, म्हणून ते एवढे शूर झाले.’’

‘‘मग त्यांनाच दे,’’ कन्या म्हणाली.

तिथून पुढे महामार्गावर एक दृश्य दिसतं, जे पुण्याच्या माणसाला आतून दिसत नाही. समोरच्या बाजूनं पुणं येत असतं. गाडीमागून गाडी. मागे सायकली बांधलेल्या, टपावर तंबूच्या गुंडाळ्या, काचांना चिकटलेली पोरांची नाकं. सगळे निघालेत आमच्याकडे. त्या प्रत्येक गाडीत माझ्यासारखाच एक बाप असणार आणि त्याच्या फोनमध्ये अशीच यादी असणार: राजगडाचा पायथा, बनेश्वर, भाटघरचं पाणी, भोरचा राजवाडा, आंबवड्याचा झुलता पूल, चुलीवरची भाकरी आणि जमलं तर एक जिवंत म्हैस. रविवारी त्यांची पोरं आमची म्हैस बघायला येतात आणि आमची त्यांचा सरकता जिना. मधल्या दुभाजकावर कुणी उभं राहून सांगितलं की बाबांनो, नुसती घरं बदला, पेट्रोल वाचेल, तर कुणी ऐकणार नाही. आणि हे आजचं नाही. नसरापूरच्या बनेश्वराचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी 1749 साली बांधलं. सुट्टी काढून नसरापूरला येण्याची पुणेकरांची सवय पेशवाईपासूनची आहे, फक्त तेव्हा टोल नव्हता.

खेड शिवापूरच्या पुढे कन्या म्हणाली, ‘‘बाबा, शू.’’

मी घड्याळ बघितलं. कागदावर पहिली शू स्वारगेटला होती. ‘‘थोडं थांब हं.’’ ‘‘आत्ता.’’ कंडक्टर ताईंनी दोरी ओढली, टिंग झालं, गाडी कडेला लागली. सगळी गाडी एका पोरीच्या शूकरता महामार्गावर थांबली. मी तिला घेऊन उतरलो, झुडपाआड गेलो. तिनं चारी दिशांना बघितलं. एक लांबलचक ट्रेलर गेला. त्याची चाकं तिनं मोजली. मग म्हणाली, ‘‘आता नाही लागली.’’

आम्ही परत चढलो. ‘‘झाली?’’ आख्ख्या गाडीनं विचारलं. खोटं बोलायची मला सवय नाही, पण टिंग टिंग होण्यापूर्वी मी मान डोलावली. बोगद्यात शिरताशिरता तिला लागली. असो.

स्वारगेटला उतरलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. इथलं भुयारी मेट्रो स्टेशन 2024 च्या सप्टेंबरच्या अखेरीस सुरू झालं आणि भोर, वेल्हे, सासवडकडून येणाऱ्या माणसाच्या आयुष्यात एक नवी गोष्ट आली: एसटीतून उतरून थेट जमिनीखाली. माझ्या कागदावर मेट्रोला वीस मिनिटं होती. स्वारगेटहून मंडई, मंडईहून कसबा पेठ, बाहेर पडलं की लाल महाल. सोपं.

कन्येनं आयुष्यात पहिल्यांदा सरकता जिना पाहिला. ती त्याच्यासमोर उभी राहिली, जशी माणसं विटेवरच्या विठोबासमोर उभी राहतात. पायऱ्या जमिनीतून निघतात, चालत खाली जातात आणि परत जमिनीत जातात. ‘‘त्या दमत नाहीत?’’ तिनं विचारलं. आम्ही खाली गेलो. खाली पोचल्यावर ती म्हणाली, ‘‘परत.’’ शेजारच्या जिन्यानं वर. ‘‘परत.’’ खाली. अशा तीन खेपा झाल्या. पिसाचा तिरका मनोरा आणि ताजमहाल बघायला माणसं जगभरातून विमानं करून जातात. माझ्या पोरीचं पर्यटन स्वारगेटला, रस्त्याच्या खाली, पूर्ण झालं होतं. तिला तिथूनच घरी नेलं असतं तर आजच्या तारखेला ती पुण्याला जगातलं सर्वश्रेष्ठ शहर मानत असती. पण बापाच्या खिशात कागद होता.

आई साध्या पायऱ्यांनी उतरली. ‘‘जमिनीत जायचं ते आपल्या पायानं जावं,’’ म्हणाली. लिफ्ट दाखवली तर ‘‘पेटीत बसून न्हाई यायची मी’’ म्हणून बाजूला झाली.

गाडीत कन्येचा हिरमोड झाला. खिडकीबाहेर काळोख. ‘‘बाहेर रात्र झाली,’’ तिनं डब्यात जाहीर केलं, ‘‘घरी चला.’’ वर मंडई होती, पेठा होत्या, पेशव्यांचं आख्खं पुणं होतं. खाली आम्ही काळ्या काचेत आपापली तोंडं बघत होतो. तेवढ्यात कसबा पेठ आलं.

आणि तिथं आईला जिना चढायची वेळ आली. वर बघितलं तर पायऱ्यांचा डोंगर. आईचे गुडघे शहात्तर वर्षांचे. शेजारी सरकता जिना वर चाललेला. आता ही बाई तोरणा चढलेली आहे. तोरणा चौदाशे मीटर उंच आहे आणि वर मेंगाईचं देऊळ आहे. नवरात्रात अनवाणी, डोक्यावर ओटीची पाटी घेऊन ती बिनीचा दरवाजा ओलांडून गेलेली आहे, तेही एकदा नाही. तिला मी म्हटलं, ‘‘आई, कठडा धर आणि पाय टाक.’’ तिनं पाय पुढे केला, मागे घेतला. नऊवारीचा काष्टा सावरला. परत पाय पुढे, परत मागे. मागे माणसं जमायला लागली. मग ती खाली वाकली आणि तिनं चपला काढल्या.

‘‘आई, चपला कशाला?’’

‘‘पायाला जिमीन कळाया पायजे.’’

तिनं चपला हातात घेण्याऐवजी, सवयीनं, आपण उंबऱ्याबाहेर ठेवतो तशा नीट जोडून समोरच्या पायरीवर ठेवल्या. चपला निघाल्या. शांतपणे, एकमेकींना चिकटून, चपला एकट्याच वर गेल्या. आई खाली उभी. आम्ही सगळेच त्यांच्याकडे बघत राहिलो. कन्या तिच्या आईबरोबर आधीच वर पोचली होती. वरून तिचा आवाज आला, ‘‘आजी, तुझ्या चपला आल्या! तू कुठंय?’’

सुरक्षेवरची एक तरुण मुलगी पळत आली, तिनं आईचा हात धरला, ‘‘आजी, माझ्याकडे बघा, पायाकडे नका बघू,’’ म्हणाली आणि दोघी वर गेल्या. वर पोचल्यावर आईनं जिन्याला हात लावून नमस्कार केला. तो देवाला होता, की जिन्याला, की चपला परत मिळाल्याबद्दल, ते मी विचारलं नाही.

लाल महालापाशी पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. मूळ महाल केव्हाच गेला; आजचा महापालिकेनं मागाहून बांधलेला आहे. पण जागेची पुण्याई असते. बाल शिवबा, जिजाऊ, सोन्याचा नांगर, सगळं मी क्रमानं सांगत गेलो. नांगराची गोष्ट तिला फारशी भावली नाही. आमच्या शेजारच्यांकडे पॉवर टिलर आहे. मग मी शाहिस्तेखानावर आलो. मध्यरात्र. गाढ झोपलेला खान. भिंतीला पाडलेलं भगदाड. अंधारात तलवार चालली आणि खान खिडकीतून उडी टाकताना त्याची बोटं...

‘‘तुटली?’’

‘‘तुटली.’’

‘‘कुठं पडली?’’

‘‘इथंच.’’

शिक्षकाचा शब्द जपून वापरावा तो यासाठी. ती खाली बसली. फरशीच्या कडेला, झाडाच्या आळ्यात, बाकाखाली तिनं शोध सुरू केला. मी पुण्याच्या सुभेदारीबद्दल बोलत राहिलो; ऐकायला फक्त आई होती आणि तिला ते येत होतं. पंधरा मिनिटांनी कन्या एक लांबट, तांबूस, टोकाला थोडा चपटा असा खडा घेऊन आली. ‘‘सापडलं,’’ ती म्हणाली. मी तो खडा बघितला. प्रामाणिकपणे सांगतो, इतिहासाची एम.ए.ची पदवी नसती तर मीही फसलो असतो. खडा मुठीत गेला, कोऱ्या तिकिटाच्या शेजारी.

शनिवारवाड्याची पायाभरणी 10 जानेवारी 1730 ची. खर्च 16,110 रुपये. हे मी दिल्ली दरवाजासमोर उभा राहून मोठ्यानं सांगितलं. ‘‘येवढ्यात आमच्या म्हशीचा गोठा झाला न्हाई,’’ आई म्हणाली. दरवाजावरचे हत्तीसाठीचे खिळे कन्येला आवडले. आत गेल्यावर मात्र तिनं चारी बाजूंनी बघितलं. हिरवळ, जोती, कारंजी, वर आभाळ.

‘‘शूटिंग कधी आहे?’’

हा भोरच्या पोरांचा ठरलेला प्रश्न. आमच्या पंतसचिवांचा राजवाडा धडधाकट उभा आहे, लाकडी खांब, जिने, चौक, छत सगळं जागच्या जागी, आणि त्यामुळे सिनेमावाले तिथं वरचेवर मुक्कामाला असतात. भोरच्या मुलाच्या हिशोबानं राजवाडा म्हणजे अशी जागा, जिथं फेटा घातलेली माणसं खुर्चीत बसून पेपर कपातला चहा पितात. ‘‘इथं शूटिंग नाही,’’ मी म्हटलं, ‘‘इथं खरे पेशवे राहायचे.’’

‘‘मग त्यांचं घर कुणी मोडलं?’’

‘‘1828 मध्ये आग लागली. सात दिवस जळत होतं.’’

‘‘बंब नाही आला?’’

‘‘तेव्हा तसा बंब नव्हता.’’

‘‘आपल्या भोरचा राजवाडा मोठा आहे,’’ ती म्हणाली आणि विषय संपवला. पेशव्यांचा इतका थोडक्यात पराभव इंग्रजांनाही जमला नव्हता. नारायणरावांची 1773 ची गोष्ट मात्र मी मुद्दाम सांगितली नाही. तिचा काका हडपसरला राहतो, आणि शेवटची गाडी चुकली तर आम्हाला झोपायला तिथंच जायचं होतं.

दशम्या तिथंच एका बाकावर सोडल्या. घरून आणलेलं पाणी कन्येनं कबुतरांना पाजून संपवलं होतं, म्हणून मी वीस रुपयांची बाटली आणली. आईनं बाटली हातात घेऊन उन्हात धरली. पुण्याला पाणी पुरवणारी पाणशेत आणि वरसगाव ही दोन्ही धरणं वेल्हे तालुक्यातली. धरणाखाली गेलेल्या गावांतली माणसं आईच्या नात्यातली. 12 जुलै 1961 ला पाणशेत फुटलं आणि पुणं बुडालं, तेव्हा आई बारा वर्षांची होती. पुढचे चार दिवस त्यांच्याकडे ज्या घरातलं कुणी पुण्याला होतं, तिथं चूल पेटली नव्हती, एवढं ती एकदाच बोलली होती. त्या दिवशी ती तसलं काही म्हणाली नाही. बाटलीकडे बघून म्हणाली, ‘‘आमच्याच पाण्याला झाकण लावून आमालाच इकत्यात व्हय?’’ आणि गटागटा प्याली. बाटलीचं झाकण कन्येनं मागून घेतलं.

मूठ आता भरत चालली होती. कोरं तिकीट, खानाचं बोट, निळं झाकण, कबुतराचं पीस, मेट्रोचं कागदी तिकीट. दिनकर केळकरांनी असंच एकेक करत दिवे, अडकित्ते, वज्र्या, दरवाजे जमवले आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं संग्रहालय उभं केलं. ते बघायचं होतं. पण एक वाजला होता, कन्येनं चालायचं बंद केलं होतं आणि अठरा किलोचं ओझं माझ्या खांद्यावर आलं होतं. केळकर संग्रहालय राहिलं. पर्वतीकडे मी रिक्षातून हात जोडले. दगडूशेठचं दर्शन रस्त्यावरून झालं. तुळशीबाग कागदावर नव्हती, तरी तिथं सव्वा तास गेला. त्याविषयी मी लिहीत नाही, मला याच घरात राहायचं आहे.

सारसबागेत मात्र एक चमत्कार झाला. इथला तळ्यातला गणपती पेशव्यांच्या वेळचा. तळं गेलं, बाग झाली, नाव राहिलं. थंडीत या गणपतीला लोकरीचा स्वेटर घालतात आणि डोक्याला कानटोपी. कन्या खांद्यावर अर्धवट झोपेत होती. गाभाऱ्यासमोर तिनं डोळे उघडले. बराच वेळ बघत राहिली.

‘‘गणपतीला पण टोचते?’’

‘‘टोचत असेल.’’

‘‘मग काढत का नाही?’’

‘‘त्याची आई ओरडेल,’’ बायको म्हणाली.

कन्येनं हात पुढे केला. बायकोनं पिशवीतून कानटोपी काढली. दुपारी अडीच वाजता, लख्ख उन्हात, पुण्यातली सगळी पोरं आइस्क्रीम खात असताना माझ्या पोरीनं कानटोपी घातली, नाडी हनुवटीखाली बांधून घेतली आणि गणपतीकडे बघून मान हलवली. मग हिरवळीवर आजीच्या मांडीवर डोकं ठेवून ती जी झोपली ती झोपलीच.

आता उरली होती फुलराणी. शेजारीच तर पेशवे पार्क. ही छोटी आगगाडी तिथं 8 एप्रिल 1956 ला पहिल्यांदा धावली. माझे वडील मला घेऊन आले होते, भोरहून, लाल डब्यातून, असाच कागद करून. त्यांच्या कागदावर बहुधा तीनच ठिकाणं होती. मला त्या दिवसातलं एवढंच आठवतं की गाडी वळणावर आली की वडील कुंपणापलीकडून हात हलवायचे, प्रत्येक फेरीला, जणू मी दिल्लीहून आलोय. या कागदावरचं हे एकच कलम होतं जे मी तिच्यासाठी लिहिलं नव्हतं. तिला उठवून पाहिलं. उठली नाही. मग ‘‘जरा पाय मोकळे करून येतो’’ म्हणून मी एकटाच फाटकापर्यंत गेलो. पण त्रेचाळीस वर्षांच्या माणसानं एकट्यानं खिडकीशी जाऊन बालगाडीचं एक तिकीट मागायचं, हा धीर काही मला झाला नाही. बायकोनं काही विचारलं नाही. भेळ आणलीस का, एवढंच विचारलं.

स्वारगेटहून पाचची गाडी मिळाली. जागा झालेल्या कन्येनं कंडक्टर दिसताच हात पुढे केला. हे सकाळच्या ताई नव्हेत, वयस्कर गृहस्थ होते. ‘‘पाचच्या वर आहे का?’’ त्यांनी मला विचारलं. ‘‘नाही, चार वर्षं दहा...’’ ‘‘मी पाच!’’ कन्या कडाडली. ‘‘मला तिकीट पाहिजे. लिहिलेलं.’’ कंडक्टर माझ्याकडे संशयानं बघायला लागले. मी अर्धं तिकीट काढलं. पोरीनं छापील तिकीट घेतलं, मग माझं घेतलं, आईचं घेतलं, आजीचं शून्याचं घेतलं आणि सगळी मुठीत कोंबून, कानटोपीसकट, खेड शिवापूरच्या टोलच्या रांगेतच पुन्हा झोपली. पलीकडून आता पुणं घरी परत चाललं होतं. काचांना चिकटलेली नाकं नव्हती. तीही पोरं झोपली असणार.

कापूरहोळला गाडी वळली, अंधार पडला होता, आणि बॅटरी घेतलेले दोन तिकीट तपासनीस चढले.

‘‘तिकीट.’’

मी कन्येकडे बोट दाखवलं. तपासनीसांनी बॅटरी मुठीवर मारली. मी मूठ उघडायला गेलो तर ती घट्ट. झोपेत पोरांच्या हातात एवढी ताकद कुठून येते कुणास ठाऊक. शेवटी ते स्वतःच खाली वाकले आणि एकेक बोट उलगडायला लागले. आधी पीस आलं. मग झाकण. मग घामानं ओली झालेली तिकिटं, एकात एक गुंतलेली. त्यांनी ती सोडवली, सरळ केली, मोजली. बरोबर होती. शेवटी तळव्यावर तो खडा उरला.

‘‘हे काय?’’

‘‘खानाचं बोट,’’ आई म्हणाली. ‘‘शाहिस्त्याचं. लाल म्हालातनं आणलंय.’’

तपासनीसांनी खडा बॅटरीखाली धरला. उलटा केला. सुलटा केला. मागची दोनचार माणसं उभी राहून बघायला लागली.

‘‘तीन तुटली होती ना?’’ ते म्हणाले.

‘‘दोन ऱ्हायलीत,’’ आई म्हणाली. ‘‘फुडल्या खेपंला.’’

त्यांनी खडा परत तळव्यावर ठेवला, त्यावर तिकिटं ठेवली, पीस ठेवलं, झाकण ठेवलं, मूठ मिटली आणि दोरी ओढली.